तीनशे वॅट

“साहेब, ज्याच्या घरी लाईटच न्हाई, त्यानं ती वाचवायची कशी?”

हे मी विचारलं. उभं राहून, हात वर करून, सगळ्या शाळेसमोर. दीपमालानं आणि मागच्या बाकावरच्या पोरींनी भेळीवर पैज लावली होती की हिच्याच्यानं होणार नाही. दीपमाला माझी मैत्रीण आहे, पण पैजेत ती मैत्री मध्ये येऊ देत नाही. हंगामापुरती दहावीच्या वर्गात येऊन बसलेली ऊसतोड्याची पोरगी, जिचं नाव सरांनी हजेरीत पेन्सिलीनं लिहिलंय, ती काय उठणार, असं त्यांना वाटलं. मी उठले.

वीजबचतीचा सप्ताह चालू होता. लाईटीचे साहेब आले होते. बाहेर पडताना बटण बंद करा, झोपताना टीव्ही बंद करा, असं ते अर्धा तास सांगत होते. माझा प्रश्न ऐकून ते हसले. बरे होते बिचारे.

“कुठं राहतेस बाळ?”

“क्यानलच्या अल्याड, सर. मोठ्या तारंच्या खाली. कोप्यांवर.”

“मग मीटर घ्या की.”

“पत्ता न्हाई ना सर. पत्ता आष्टीकडं हाय आन् आमी इकडं हाव.”

सगळी शाळा हसली. साहेबांनी चष्मा पुसला. मीटरला घराचा उतारा लागतो, तात्पुरत्या जोडणीलाही जागामालकाची सही लागते, असं काहीबाही म्हणाले, आणि जाताना मला एक स्टिकर दिलं. बल्बाला डोळे काढलेले, खाली ‘वीज वाचवा’.

भेळ मिळाली. सिरसाळ्याच्या स्टँडवर ती खाताना दीपमालानं हळूच विचारलं, “खरंच न्हाई का गं लाईट?”

“न्हाई.”

“मग तू वाचती कशावर?”

“मोबाईलच्या बॅटरीवर. ती उतरली की पाठांतर.”

तिच्या पुडीतले शेंगदाणे तिनं माझ्या पुडीत टाकले.

आमच्या वीस कोप्या आहेत. बांबू, उसाचं पाचट आणि वरून निळा कागद. आमच्या कोपीच्या अगदी डोक्यावरून परळीच्या थर्मल वीजकेंद्राकडून आलेल्या जाड तारा जातात. दव पडलं की त्या मधमाश्यांसारख्या गुणगुणतात. दिवस मावळला की लांब थर्मलच्या चिमण्यांचे लाल दिवे दिसतात. आमची कोपी रांगेत शेवटची, तिच्यापुढं नाली. आम्ही बौद्ध. हंगामाच्या पहिल्या दिवशी रांग लावताना मुकादम तोंडानं काही म्हणत नाही, नुसता हात करतो, आणि आमच्या वेळेला त्याचा हात दरवर्षी शेवटाकडंच जातो.

आबा आणि माय, शहादेव आणि सिंधुबाई, दोघं मिळून एक कोयता. तोडीच्या भाषेत नवरा-बायको म्हणजे एकच कोयता धरतात. मी त्यात नाही. मला दहावीपर्यंत उसाच्या फडात घालायचं नाही, हे मायनं मी सहावीत असतानाच ठरवलेलं. बोर्डाचा फॉर्म गावाकडच्या शाळेतून भरलाय. तिथल्या मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, जिथं बसशील तिथली पूर्वपरीक्षा दे आणि मार्क पाठव, मार्क आले नाहीत तर हॉलतिकीट माझ्या कपाटात राहील. पूर्वपरीक्षा जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी होती. पहिला पेपर विज्ञान.

जीवनमामा डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आला. मायचा धाकटा भाऊ. थर्मलची राख वाहणारा ट्रक चालवतो. पापण्यासुद्धा राखाडी झालेल्या असतात त्याच्या. महिन्यातले पंचवीस दिवस तो ट्रकातच राहतो, आणि त्याच्या केबिनमध्ये काय नाही? बल्ब आहे, छोटा पंखा आहे, मोबाईल चार्जिंगला लावून हा बाजेवर झोपल्यासारखा झोपतो. मी त्याला स्टिकरची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की राख उडाली. मग केबिनमध्ये चढला आणि विटेएवढा एक पत्र्याचा डबा घेऊन उतरला. त्याला दोन जाड वायरी, वायरींना चिमटे.

“इन्व्हर्टर हाय. म्या मोठा घेतलाय, ह्यो तुला. बॅटरीत बाराचं करंट असतंय, ह्यो त्याचं घरातल्यासारखं दोनशे तीसचं करतोय. लाल चिमटा अधिकला, काळा वजाला. उलटं लावलं की आतला फ्यूज उडला. तीनशे वॅटचा हाय. बल्ब चालंल, मोबाईल चालतील, बारका टीव्ही चालंल. पानी तापवायचा रॉड लावला तर डब्याचीच राख. आन् हितं बग.” त्यानं कडेची बारीक जाळी दाखवली. “बॅटरी उतराया लागली की हितून कुईकुई वरडतोय. वरडला की बंद करायचा. न्हाई केला तर थोड्या येळानं आपलाआपण बंद हुतोय, पर तवर बॅटरीत गाडी उठवण्याएवढा जीव ऱ्हात न्हाई. समजलं का?”

“समजलं.”

“म्हणून दाखव.”

मी एका दमात म्हणून दाखवलं. मामा आबांना म्हणाला, “दाजी, ही पोरगी आपल्या सगळ्यांना इकून खाईल.”

आबा लाजल्यासारखं हसले.

बॅटरी मात्र मुकादमाच्या ट्रॅक्टरची होती. बंकट मुकादमाचा तंबू रांगेच्या तोंडाला, ट्रॅक्टर त्याच्या शेजारी. आबा मला घेऊन गेले आणि चपला लांब काढून उभे राहिले. जमिनीवर उभं राहायला चपला काढायची काय गरज होती, मला कळलं नाही. मीच बोलले. दिवसभर खेपा करताना बॅटरी भरते, संध्याकाळी मी दोन तास आणि पहाटे एक तास घेईन, तेवढ्यानं काही होत नाही, हे सगळं.

“काय बे शहादू,” मुकादम आबांना म्हणाला, “पोरगी इंजिनेर झाली का काय?” आणि पंधरा मिनिटं खेळवून हो म्हणाला. त्याचा आणि त्याच्या बायकोचा मोबाईल आधी लावायचा, मग बाकीच्यांचे.

ट्रॅक्टरपासून आमच्या कोपीपर्यंत वायर नेण्यातच तीन संध्याकाळी गेल्या. आबांनी कुठून कुठून तुकडे गोळा करून आणले. ते दातानं वायर सोलत आणि अंगठ्यानं पीळ देत. त्यांच्या डाव्या अंगठ्यावर कोयत्याची आडवी चीर आहे, मी पाचवीत असतानाची. ती नीट भरलीच नाही. अंगठा दुमजली दिसतो. प्रत्येक जोडावर चिकटपट्टी लावून ते त्याच अंगठ्यानं दाबत आणि मला विचारत, “आसं का? घट हाय का?” आबांनी मला काही विचारलेलं मला तेव्हापर्यंत आठवत नव्हतं.

नऊ वॅटचा बल्ब लागला तेव्हा माय भाकरी थापत होती. तिनं वर बघितलं, मग परातीत बघितलं.

“अगं बया, पिठात किडं हायत.”

“आजच झाले असतील,” मी म्हणाले.

“आज कशानं हुतील? रोजच असतील.” ती किडे वेचायला लागली आणि हसायला लागली. मग हसता हसता तिची बोटं पिठातच थांबली. बहुतेक मागचे सगळे हंगाम मोजत असावी.

त्यानंतरचे जवळजवळ तीन आठवडे मी कुणाला ऐकेना. पहाटे चारला उठायचं, मायच्या चुलीशेजारी बसायचं, प्रकाशाचं अपवर्तन, विद्युतधारेचे परिणाम. फडात जायच्या आधी आबा कोयता कानशीनं घासत बसत आणि मी मोठ्यानं वाचत असे, त्यांनाही कळावं म्हणून. डब्यावर मी ते ‘वीज वाचवा’ चिकटवलं होतं. संध्याकाळी आमच्या दारात मोबाईलची रांग लागायची. भिवराबाई म्हातारी सगळ्यांत आधी. तिची लेक सासरी पोटुशी, आठव्यात. ती मोबाईल पदराच्या टोकात धरून माझ्या हातावर वरून सोडायची.

“बसा की आजी, पानी घ्या,” माय म्हणायची.

“आत्ताच पिले बाई.”

रोज ती आत्ताच पिऊन आलेली असायची. आमच्या कोपीतलं करंट तिला चालत होतं.

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅच होती. मुकादमानं घरून छोटा टीव्ही आणि डिशची छत्री आणली होती. तिसऱ्या प्रहरीच त्यानं निरोप धाडला, आज डबा हिकडं. मी स्वतः घेऊन गेले, स्वतः चिमटे लावले, लाल अधिकला, काळा वजाला. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून उभ्या होत्या, पहाटे पाचला कारखान्याला निघायच्या. सगळे गडी मांडी घालून बसले होते. आबा कडेला, चवड्यावर.

“मुकादम, ह्यो कुईकुई वरडला की बंद करायचा बरं का. लगेच. न्हाई तर सकाळी ट्रॅक्टर उठत न्हाई.”

“बरं बरं.”

“वरडला की बंद.”

“आगं हो की मास्तरीनबाई!” सगळे हसले. मीही हसले. आबांना म्हणाले, “आबा, तुमी ध्यान ठेवा.” त्यांनी मान हलवली. मी जाऊन झोपले, पहाटे उठायचं म्हणून.

पहाटे उजेड नव्हता. डबा तिकडंच राहिला होता. रॉकेलच्या चिमणीच्या धुरात माय पुटपुटत होती. रविवार म्हणून तिनं गव्हाचं पीठ मळलं होतं, उरलेला गोळा सकाळसाठी ताटलीखाली झाकला होता. त्याचा लचका गेला होता.

“कुत्रं शिरलं का काय?”

“असंल,” आबा म्हणाले. ते कानशीशिवायच बसले होते.

तेवढ्यात रांगेच्या तोंडाला आवाज झाला. कट्. परत, कट्. ट्रॅक्टरवरचा पवन चावी फिरवत होता आणि ट्रॅक्टर नुसता जीभ टाळ्याला लावल्यासारखा आवाज करत होता.

ट्रॉल्या सोडल्या. गडी ढकलायला लागले. आदल्या दिवशी शेजारच्या रानाला क्यानलचं पाणी सोडलेलं, सगळा काळा चिखल. चाक जागीच फिरून रुतलं. बायका लागल्या. मी लागले. माय घसरून गुडघ्यावर आपटली, उठली, परत लागली. दुसरा ट्रॅक्टर मिळायला दुपार झाली. तोवर कारखान्यावरचा नंबर गेला आणि ऊस उन्हात वाळत पडला. वाळला की वजन उतरतं. त्या दिवशी तोडही झाली नाही. ज्या दिवशी काम होत नाही त्याला खाडा म्हणतात, आणि खाडा कुणाच्या तरी अंगावर टाकायचा असतो.

“कुणी केलं?” मुकादम म्हणाला. वीस कोप्यांची माणसं गोल उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल. सगळ्यांनी खाली बघितलं.

मी म्हणाले, “मी सांगितलं हुतं. वरडला की बंद करा म्हणून.”

“वरडलाच न्हाई तुझा डबा! इचार समद्यांला. वरडला का बे?”

“न्हाई बा,” कुणीतरी म्हणालं. “काई आईकू न्हाई आलं,” दुसरं म्हणालं.

मी आबांकडं बघितलं. “आबा, तुमी हुता की. वाजला का?”

आबांनी दोन्ही हात काखेत घातले. थंडी होतीच. “न्हाई बाई,” ते म्हणाले. “मला काई आईकू आलं न्हाई.”

मग माझं पाणी झालं. खरं सांगते, मला वाटलं, माझंच चुकलं. चिमटे मी लावले होते. डब्यातलं काय बिघडलं ते मला कळायला पाहिजे होतं. एवढी मोठमोठ्यानं वाचत होते तीन आठवडे.

“खाडा शहादूच्या अंगावर,” मुकादम म्हणाला. “पोरगी आठ दिस मोळ्या व्हाईल, मंग फिटंल. आन् डबा माझ्याकडं ऱ्हाईल.”

“तिची परीक्षा हाय सोमवारी,” माय म्हणाली. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, चिखलात काळं दिसत होतं.

“मंग पोरीला डबे जोडाया कावून लावलं?”

आबा माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, “पाया पड मुकादमाच्या. पड, बाई.”

मी पडले. त्याच्या चपलेच्या पट्ट्यावर वाळलेला चिखल होता. तो म्हणाला, “ऱ्हाऊदे ऱ्हाऊदे,” पण पाय मागं घेतला नाही.

फड म्हणजे काय ते मला लांबून माहीत होतं. आतून वेगळं असतं. पहाटे उसाच्या पानांवरचं दव अंगभर लागतं, कपडे ओले होतात, आणि ऊन निघालं की तीच पानं मानेला, कानामागं कापत जातात. घाम लागला की चरचरतं. आबा-माय तोडत पुढं सरकत, मागं मोळ्या पडत. मी मोळी डोक्यावर घ्यायची, चिखलातून ट्रॉलीपर्यंत जायचं, तिथं लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. फळी पायाखाली वाकते. पहिल्या दिवशी दोनदा पडले. तिसऱ्या दिवशी मानेतली कळ जबड्यापर्यंत आली, भाकरी चावता येईना. मायनं भाकर पाण्यात कुस्करून दिली. आबा पाणी आणून द्यायचे. माझ्या मोळ्या ते बारीक बांधायचे, मुकादमाची पाठ असली की.

बुधवारी शाळा सुटायच्या वेळेला मी फळीच्या मध्यावर होते. रस्त्यावरून सायकली आल्या. दीपमाला आणि मागच्या बाकावरच्या तिघी.

“जोसनाच हाय का गं ती?”

“जोसना!” दीपमालानं हात हलवला.

दोन्ही हात मोळीला. हलवायचं काय? मी तोंड उसाआड केलं. फळी लचकत होती, आणि मी तिथंच उभी राहिले, त्या जाईपर्यंत. मागून भिवराबाई ओरडली, “चल की ग बाई, बघाया उभी ऱ्हायली का!”

गुरुवारी दीपमाला एकटीच आली. तिनं विज्ञानाच्या संभाव्य प्रश्नांची झेरॉक्स आणली होती. बांधावर माझ्याशेजारी बसली. माझे हात बघितले आणि झेरॉक्स मांडीवर ठेवली, हातात दिली नाही.

“तुजा डबा खरंच वरडला न्हाई?”

“न्हाई म्हणतेत.”

“तू येणार ना सोमवारी?”

“आठ दिस म्हणजे मंगळवार.”

“तुज्या गावाकडच्या सरांना फोन करू का?”

“काय सांगशील? डब्यानं दगा दिला म्हणून?”

शुक्रवारी मुकादमाला परत टीव्ही बघायचा होता. चिमटे लावायला मला बोलावलं नाही. त्याला वाटलं, पोरीला येतं ते आपल्याला येणारच. फट् असा आवाज इथपर्यंत आला. लाल वजाला लावला असणार. शनिवारपर्यंत वीसही कोप्यांतले मोबाईल मेले. मुकादमाच्या बायकोनं पवनबरोबर डबा आमच्याकडं धाडला. निरोप असा, पोरीनं नीट करून द्यावा, म्हणजे उरलेले दिवस माफ.

सगळे दारात आले. तेच, जे सोमवारी खाली बघत होते. भिवराबाईच्या हातात मोबाईल होता. पदरात नव्हता, उघड्या हातात.

“बाई, माझ्या लेकीचे दिस भरत आलेत. फोन येईल, आन् ह्याच्यात जीव न्हाई. कर की गं.”

तिचा मोबाईल मी शाळा सुटल्यावर आलेल्या दीपमालाबरोबर चार्जिंगला धाडला आणि डब्याच्या तळाचा छाप वाचून तिला कागदावर लिहून दिलं, तीस अँपिअरचा फ्यूज, गाडीला असतो तसला, दोन पायांचा. रविवारी दुपारी तिनं दोन्ही आणून दिलं. हिरवा फ्यूज, नखाएवढा. मी तो कंपासपेटीत ठेवला.

दिवस मावळायला आम्ही तिघंच कोपीत होतो. माय भाकरी थापत होती. आबा कोयता घासत होते. दारातून अजून उजेड येत होता, परळीचे लाल दिवे नुकतेच लागलेले. डबा मॅचनंतर पहिल्यांदाच माझ्या मांडीवर निवांत आला होता. मी तो फिरवून बघितला, स्क्रू कुठं आहेत ते. आणि थांबले.

स्टिकर जागेवर नव्हतं.

मी ते वरच्या बाजूला, मधोमध चिकटवलं होतं. आता ते कडेला होतं, जाळीवर. एक कोपरा दुमडलेला, डोळेवाला बल्ब वाकडा. मी नखानं ते सोडवलं. खाली जाळी दिसलीच नाही. जाळीवर पांढरट, कडक, तडे गेलेलं काहीतरी थापलेलं होतं. मला आधी चुना वाटला. नाकाशी नेलं. पीठ. गव्हाचं.

कंपासच्या टोकानं मी ते कडेनं सोडवलं. अख्खं निघालं, बिस्किटासारखं. उजेडाकडं धरलं. त्याच्यावर अंगठा उमटला होता, जोर लावून दाबलेला. आणि अंगठ्याच्या मधोमध आडवी रेघ. वर एक मजला, खाली एक मजला.

कानशीचा आवाज थांबला.

मी तो तुकडा आबांच्या पुढ्यातल्या ताटलीत ठेवला. मायनं वाकून बघितलं. तिला काही सांगावं लागलं नाही. पीठ तिचंच होतं.

“वरडला हुता,” मी म्हणाले.

आबांनी कोयता खाली ठेवला. “लई वरडत हुता,” ते म्हणाले. “मुकादम म्हणले, शहादू, शेवटच्या ओव्हरी हायत, त्या डब्याचं तोंड बंद कर. म्या म्हणलं, पोरगी म्हणाली हुती… तर म्हणले, पोरीचं आईकतो का माझं? समदे हसले. मंग म्या आलतो हिकडं, तुमी झोपला हुता.”

“आन् सकाळी?”

“सकाळी कसं सांगनार? मीच केलतं ना ते.”

“मी पाया पडताना तरी?”

त्यांनी अंगठा मुठीत घेतला. एवढा मोठा माणूस, दिवसाला एवढा ऊस आडवा करणारा, आणि त्याला तो अंगठा कुठं ठेवावा ते कळेना.

“मला वाटलं, आठ दिस तर हायत,” ते म्हणाले. “निघून जातील.”

“सात दिवस मी म्हणत हुते माझंच चुकलं. तुमी माज्या मोळ्या बारीक बांधत हुता आन् मी तेच म्हणत हुते.”

माय तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. करपल्याचा वास आला. तिनं ती हातानंच उचलून बाजूला टाकली. “बोल तू,” ती मला म्हणाली. आबांकडं तिनं बघितलंच नाही.

बाहेर रांगेत माणसं वाट बघत होती. भिवराबाईचा खोकला ऐकू येत होता. मी कंपासपेटी बंद केली, दप्तरात ठेवली, दप्तराचा पट्टा ओढला.

“दोघंबी आईका. उद्या आठला माझा विज्ञानाचा पेपर हाय, आन् मी जाणार. मोळ्या व्हायला मी येणार न्हाई, उद्या न्हाई आन् परवा न्हाई. माफ केलं म्हणून न्हाई, मी काई केलंच न्हाई म्हणून. फ्यूज माझ्या कंपासपेटीत हाय. टाकायला दहा मिनिटं लागतेत. पर त्याच्याआदी, आबा, तुमी ह्या सगळ्यांच्या पुढ्यात मुकादमाला सांगायचं, की डबा वरडला हुता, त्याचं तोंड तुमी बंद केलं, आन् कुणाच्या सांगण्यावरून केलं. तुमीच सांगायचं. मी न्हाई, माय न्हाई. चपला घालून सांगायचं. सांगितलं तर मी लगीच फ्यूज टाकते. न्हाई सांगितलं, तर सकाळी सातला कंपासपेटी माझ्यासंगं शाळेत जाईल.”